शुक्रवारचं मराठी पान

आई, आमच्या चर्चच्या ऑफिसातला कॉम्प्युटर या आठवड्यात बंद पडला, म्हणून रविवारचं पत्रक मी हातानं लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणलं. उपासनेच्या वेळा, कोण आजारी आहे, कुणाकडे बाळ झालं, महिला मंडळाची सभा कुणाच्या घरी, नेहमीचंच सगळं. उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ तो कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "पाळकबाई, अक्षर छान आहे हो तुमचं. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईनं. ते मान डोलवत निघून गेले आणि मला मात्र दिवसभर तुझ्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. तू गेलीस तेव्हा मी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. मला पाळकाच्या झग्यात तू पाहिलंच नाहीस. इथं एका छोट्या गावात दोन मंडळ्या सांभाळते मी आता, आणि दर शनिवारी पत्रक काढायला बसले की मला बहरीनचं, मनामातलं ते ऑफिस आठवतं.

गुरुवारी शाळेला सुट्टी असायची. पप्पा गोदीत कामावर, म्हणून तू मला बरोबर घेऊन जायचीस. चर्चच्या आवारात, भिंतीलगत, एक बसकी खोली. बाहेर उन्हानं डोळे दिपायचे आणि दार उघडलं की आतल्या एसीची गार हवा आणि झेरॉक्स मशिनचा तो गरम कागदाचा वास एकदमच अंगावर यायचे. तू तिथं टायपिस्ट होतीस, पण तुझं काम टायपिंगवर संपत नसे. मागच्या खोलीतल्या कपाटांच्या किल्ल्या तुझ्याकडे. इंग्रजी, तमिळ, मल्याळी, उर्दू गीतपुस्तकं, संडेस्कूलची रंगीत चित्रं, मेणबत्त्या, प्रभुभोजनाच्या पातळ भाकरींचे डबे, पाळकांचे झगे. एवढ्याशा आवारात किती मंडळ्या! सगळ्यांचा दिवस शुक्रवार, कारण रविवारी सगळे कामावर. सकाळी इंग्रजी उपासना, मग मल्याळी, मग फिलिपिनो, आणि दुपारी हॉलमध्ये आपण, मराठी, मोजकी घरं. जो तो तुझ्याकडे काहीतरी मागायला यायचा. "सिस्टर, कँडल मफी?" म्हणून उर्दू मंडळीचे ते उंच गृहस्थ त्या अरबी 'नाही'सकट विचारायचे आणि तू हसून म्हणायचीस, "कँडल है, माचिस मफी."

इंग्रजी पत्रक तू टाईप करायचीस. त्याच्या पाठीमागची बाजू मराठीची. मराठी टाईपरायटर बहरीनमध्ये कुठून येणार, म्हणून ते पान तू हातानं लिहायचीस, बुधवारी संध्याकाळी, झिंजच्या आपल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मला ते टेबल अजून दिसतं. एका टोकाला खुब्जची रोटी कापडात गुंडाळलेली, गॅसवर आमटी, तिच्यात नगरहून आणलेल्या येसराचा वास, आणि तू पदर कमरेला खोचून, काळं पेन घेऊन बसली आहेस. अमक्याची आई गावी आजारी आहे, प्रार्थनेत आठवण ठेवावी. अमके सुट्टीवर निघाले आहेत, कुणाला घरी काही पाठवायचं असेल तर भेटावं. लहान मुलाची खाट द्यायची आहे. हे सगळं तू इतकं जपून लिहायचीस, जणू पवित्र शास्त्रच उतरवून घेते आहेस. एकदा मी गृहपाठ करता करता कंटाळून म्हणाले, "नोबडी रीड्स दिस, आई." तेव्हा मी अशीच बोलायचे, तू मराठीत विचारायचं आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचं. तू पेन खाली ठेवलंस. आवाज चढवला नाहीस.

"अस्करच्या लेबर कॅम्पात आपली माणसं एका खोलीत आठ-आठ जण राहतात," तू म्हणालीस. "त्यांना घरचं पत्र यायला महिना लागतो. हे पान त्यांना दर शुक्रवारी मिळतं. तुला वाचायचं नसेल तर नको वाचूस. पण कुणी वाचत नाही असं माझ्यासमोर परत म्हणू नकोस."

मग पुन्हा पेन उचललंस आणि त्या रात्री मला दुसऱ्यांदा आमटी वाढताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेवढी शिक्षा पुरेशी होती.

आपले इंग्लिश पाळकसाहेब ऑपरेशनसाठी मायदेशी गेले तो उन्हाळा. त्यांच्या जागी काही महिने उपासना कोण चालवणार याची सगळ्यांना काळजी होती, आणि मग कळलं की जुफैरच्या अमेरिकन नौदलाच्या तळावर एपिस्कोपल चर्चच्या एक पाळक आहेत, त्या शुक्रवारी येतील. त्या म्हणजे बाई. तोवर आपल्यापैकी कुणी बाईला वेदीपाशी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा मी होते. उंच, केस अगदी बारीक कापलेले, खाकी गणवेश आणि कॉलरवर छोटा क्रूस. हातात दोन खोकी. तिकडच्या त्यांच्या मंडळीनं पाठवलेली चित्रं, संडेस्कूलचे धडे, आजाऱ्यांना भेटायला गेल्यावर करायच्या प्रार्थनांची पुस्तकं आणि त्यांच्या गावच्या चर्चची जुनी पत्रकं. त्या पत्रकांवर तू अशी तुटून पडलीस की मला हसू आलं. घरी आणून पप्पांना वाचून दाखवलीस. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या घरी सूप आणि पावाचं जेवण, छपराच्या दुरुस्तीसाठी वर्गणी. "बघा," तू म्हणालीस, "अमेरिकेतही छप्परच गळतंय." पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एका संध्याकाळी त्या बाई आपल्या घरी जेवायला आल्या. तू त्यांना प्रभुभोजनाच्या मराठी उपासनेतली वाक्यं रोमन अक्षरांत लिहून दिली होतीस आणि त्या टेबलाशी बसून म्हणत होत्या. "ख्रिस्ताचे शरीर." त्यांच्या तोंडून ते 'शरीअर' व्हायचं. तू म्हणायचीस, "नो नो, मॅडम, री. लाँग री." 'आपणासाठी' मधला 'ण' तर त्यांना काही केल्या जमेना. जीभ कुठं लावायची ते दाखवण्यासाठी तू तोंड उघडून टाळूकडे बोट केलंस, आणि त्या वाकून तुझ्या तोंडात पाहू लागल्या, दाताच्या डॉक्टरसारख्या. मी आणि पप्पा दाराआड हसतो आहोत. शेवटी त्यांना तो 'ण' आला आणि तुम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

पत्रकात त्यांना काय म्हणायचं हा तुझ्यापुढं खरा प्रश्न होता. "पाळकीणबाई लिही की," पप्पा म्हणाले. तू मान हलवलीस. "पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. ही कुणाची बायको म्हणून येत नाहीये." बराच वेळ विचार करून तू 'पाळकबाई' असं लिहिलंस, आणि मग मान तिरकी करून त्या शब्दाकडे बघत राहिलीस.

दुसऱ्याच संध्याकाळी अस्करचे काका आले. मराठी मंडळीतले ते सगळ्यांत जुने. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फोरमन होते, भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, आणि पप्पांना बहरीनला त्यांनीच आणलं होतं. व्हिसा, नोकरी, पहिले दोन महिने राहायची सोय, सगळं त्यांनी केलं होतं. ते बाहेरच्या खोलीत बसले, तू चहा दिलास, त्यांनी बशीत ओतून घेतला आणि हळूहळू प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, बाई चांगल्या असतील. मी नाही म्हणत नाही. पण पेला बाईच्या हातून? गावाकडं कुणी ऐकलं तर काय म्हणतील आपल्याला?"

"काय म्हणतील, दादा?"

"ते सोडा. तुम्ही फक्त एवढं करा. पत्रकात लिहा, या शुक्रवारी प्रभुभोजन नाही, नुसतं भजन आणि प्रार्थना. खलास. कुणाचं मन दुखायला नको, त्या बाईंचंही नको."

"पण प्रभुभोजन आहे ना."

"आहे म्हणून तर सांगतोय."

"मग नाही असं कसं लिहू?" तू अगदी साधेपणानं विचारलंस. त्यात जराही उर्मटपणा नव्हता. त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, "सलाम," म्हणाले आणि निघून गेले.

दार लागल्यावर पप्पा म्हणाले, "त्यांच्यामुळे आपण इथं आहोत, हे विसरू नकोस."

"मी त्यांना काही बोलले का?"

"बोलली नाहीस. पण लिहिणार आहेस."

तू खरंच लिहिलंस. शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये प्रभुभोजनाची उपासना होईल, जुफैरहून आलेल्या पाळकबाई ती चालवतील, सर्वांनी यावे. बाकीच्या बातम्यांच्याच आकाराच्या अक्षरात, वर नाही, खाली नाही, मधोमध. तुला भीती वाटत होती हे मला माहीत आहे. बुधवारी तू कधी नव्हे ते आमटीत मीठ घालायला विसरलीस.

शुक्रवारी हॉल भरला होता. कदाचित काय होतंय ते बघायला लोक आले असतील. जुना एसी घरघरतोय, पलीकडे चर्चमध्ये फिलिपिनो मंडळीचा सराव चालू आहे आणि त्यांची गिटार मधूनच ऐकू येते. पाळकबाईंनी पांढरा झगा घातला होता. हातात तू लिहून दिलेला कागद. त्यांनी मराठी वाक्यं सावकाश, एकेक शब्द खाली ठेवावा तशी म्हटली, आणि 'आपणासाठी' बरोबर म्हटल्यावर त्यांनी चोरून तुझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी भाकर मोडली, सगळ्यांना या म्हणून हात केला. कुणी हललं नाही. आपल्याकडे नेहमी काका आधी उठत आणि मग बाकीची रांग. काका मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. पाळकबाई भाकरीचं ताट घेऊन उभ्या, हसू तसंच चेहऱ्यावर धरून ठेवलेलं, आणि ते हसू हळूहळू कसं विरत गेलं ते मी पाहिलं.

तू उठलीस. पदर डोक्यावरून घेतलास आणि खुर्च्यांच्या मधून चालत गेलीस. एसीच्या घरघरीतही तुझ्या चपलेचा आवाज येत होता. तू पुढे जाऊन दोन्ही तळहात एकावर एक ठेवलेस. "ख्रिस्ताचे शरीर," बाई म्हणाल्या, आणि तू "आमेन" म्हणालीस, पण तो आवाज तुझा वाटला नाही, फार बारीक होता. मग मी उठले. प्रभुभोजनाआधी व्हावं लागतं ते दृढीकरण माझं झालं नव्हतं, मला भाकर मिळणार नव्हती, तरी मी तुझ्या शेजारी जाऊन उभी राहिले. पाळकबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून इंग्रजीत आशीर्वाद दिला. आणि मग मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू उठल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "येते मी," दुकानात जाऊन येते म्हणावं तसं, आणि पुढे आल्या. त्यांच्यामागून आणखी काही जण आले, सगळे नाही. काका बाहेर जाऊन आपल्या पिकअपमध्ये एसी लावून बसले. निघून मात्र गेले नाहीत, कारण काकूंना आणि कॅम्पातल्या दोघांना घरी त्यांनाच सोडायचं होतं.

त्यानंतर काका येईनासे झाले. पप्पांशी फोनवर बोलायचे, तुझी चौकशी करायचे नाहीत. तू दर शुक्रवारी एक पान घडी करून काकूंच्या पर्समध्ये घालायचीस. काकू म्हणायच्या, "वाचत नाहीत हो ते." तू म्हणायचीस, "असू दे. घरात असू दे."

आणि मग तो गुरुवार. मी ऑफिसात संडेस्कूलच्या धड्यांना पिना मारत होते. दार उघडलं आणि काका आत आले, कामावरच्याच कपड्यांत, हेल्मेट काखेत, भुवयांवर राखाडी धूळ. "वहिनी," ते म्हणाले, "एक बातमी होती. पानात जागा असेल तर." तू खुर्ची पुढे केलीस. त्यांची आई गावी वारली होती. कारखान्यात मोठं काम निघालं होतं, सुट्टी मिळाली नव्हती, आणि मिळाली असती तरी माती व्हायच्या आत ते पोचले नसते. तू कागद ओढून घेतलास, पण लगेच लिहायला लागली नाहीस. "त्यांच्याबद्दल सांगा ना, दादा," म्हणालीस.

"काय सांगायचं? मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. सगळ्या पोरांच्या भाकरी तीच थापायची." ते थांबले. "हात भाजून भाजून असे झाले होते की तव्यावरची भाकर नुसत्या बोटांनी उलटायची. मी विचारायचो, आई, भाजत नाही का? तर म्हणायची, भाजायचं ते कधीच भाजून झालं." आणि एवढं बोलून तो धिप्पाड माणूस हेल्मेट मांडीवर धरून रडायला लागला. मी पिना मारायची थांबले. कुठं बघावं ते कळेना.

पाळकबाई आतल्या खोलीत पुस्तकं लावत होत्या. त्या बाहेर आल्या, त्यांनी ग्लासभर पाणी आणून काकांसमोर ठेवलं आणि तुला हळूच विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. तू काकांना मराठीत सांगितलंस. काका पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "करू द्या त्यांना." बाई इंग्रजीत एक वाक्य म्हणायच्या, तू मराठीत. मी तुमच्या तिघांच्या वाकलेल्या डोक्यांकडे पाहत होते. बाईंनी काकांच्या आईच्या हातांबद्दल देवाचे आभार मानले, कारण मघाशी तू त्यांना दोन शब्दांत सांगितलं होतंस, आणि तिथं तुझा आवाज अडकला. तुला पुढचं बोलताच येईना. तेव्हा काकांनीच "आमेन" म्हटलं, तुला सोडवायला म्हटलं असावं तसं.

काकांनी त्या बाईंच्या हातून प्रभुभोजन शेवटपर्यंत घेतलं नाही. इंग्लिश पाळकसाहेब बरे होऊन परत आले त्या शुक्रवारी ते पहिल्या रांगेत होते. पण त्यांच्या आईची बातमी पानात आली त्या शुक्रवारी मात्र ते हॉलच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मराठी पान देत होते, आणि पाळकबाई आल्या तेव्हा त्यांनाही एक दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचता येत नव्हतं तरी उभ्या उभ्या वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जपून झग्याच्या आत ठेवलं. पुढं त्यांची बदली झाली. काही वर्षांनी आपणही गाशा गुंडाळून नगरला आलो, आणि मी मराठीत उत्तरं द्यायला शिकले.

नगरला आल्यावर तू ती हॉलमधली गोष्ट सगळ्यांना सांगायला लागलीस. महिला मंडळात, लग्नात, एकदा तर बिशपसाहेबांनासुद्धा. तुझी गोष्ट अशी असायची: मी पुढं गेले आणि मागं वळून बघते तर माझी पोर! एवढीशी पोर, कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही, आपण होऊन उठली. तिला त्याच दिवशी प्रभूची हाक आली. मी धर्मशिक्षणाला जायचं ठरवलं तेव्हा तुला जराही नवल वाटलं नाही. "मला माहीतच होतं," म्हणालीस. निवड करणाऱ्या कमिटीनं मला विचारलं, तुम्हाला हाक कधी आली, तेव्हा मी तुझीच गोष्ट तुझ्याच शब्दांत सांगितली आणि त्यांना ती फार आवडली. आमच्या मंडळीतल्या मुलांनाही सांगते कधी कधी. काम मला आवडतं, आई. आजाऱ्यांजवळ बसायला आवडतं, मातीच्या वेळी घरच्यांना मेलेल्या माणसाबद्दल विचारायला आवडतं. हाक पुढे कधीतरी आली असेल, हळूहळू, ऐकू न येता. मी तिच्यावर शंका घेत नाही.

पण त्या शुक्रवारचं खरं मी कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून इथं लिहिते. तू जिवंत असताना सांगावंसं एक-दोनदा वाटलं होतं, पण तू ती गोष्ट इतक्या आनंदानं सांगायचीस की माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या दुपारी मला देवाबिवाचं काही सुचलं नव्हतं. मला कसलीही हाक ऐकू आली नव्हती, आई. तू पुढं एकटी उभी होतीस, एवढंच मला दिसलं होतं.